नांदूरच्या बेटावरची नवरी

१९९८चा नोव्हेंबर, सकाळचे आठ. नाशिकात द्वारकेच्या चौकात एसटीनं करकचून ब्रेक मारला आणि स्वराजच्या हातातली बाटली शेजारच्या रूपालीच्या झेंडूच्या पाटीत पडली. झाकण उडालं.

"हलू नका!" तो ओरडला.

"मी कुठं हलले? बाटली हलली तुमची."

बाटलीत एकच ढालकिडा होता. लाल, काळ्या ठिपक्यांची मादी, पाठीवर पिवळ्या बुरशीचा बारीक झुबका. नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यातल्या बेटावर महिनाभर भटकून स्वराजला ती मिळाली होती. त्याचा सगळा प्रबंध तिच्या पाठीवर होता.

"बुरशी माझ्या फुलांना लागंल?" रूपालीनं विचारलं.

"नाही हो. एका ढालकिड्याची दुसऱ्यालाच लागते."

"ती कशी?"

अख्खी एसटी ऐकत होती. स्वराजचे कान तापले. "म्हणजे... सहवासातून."

"सरळ सांग की बाबा, लगीन झाल्यावर!" मागच्या बाकावरून रूपालीची आजी, बायडाबाई म्हणाली.

हशा पिकला. रूपालीनं ओढणी तोंडाला लावली. "मग हिचा नवरदेव?"

"प्रयोगशाळेत आहे. निरोगी. त्याला बुरशी लागली, तर माझं म्हणणं खरं ठरेल."

"बिचारा! त्याला विचारलं का कुणी?"

एसटीतून उतरल्यावर फुटपाथवर बसून दोघांनी एकेक फूल उलटलं. बोटं एकदा लागली... मग उगाचच पुन्हा. मादी सापडली नाही.

"उडून चांदोरीला आमच्या शेतात गेली आसंल," रूपाली म्हणाली.

"इतक्या लांब?"

"बघून तर जा."

तो दर रविवारी बघायला जाऊ लागला. "भिंग इसरतो, पन यायचं नाय इसरत," बायडाबाई म्हणायची.

"बेटावर दुसरी मिळंल की," एकदा फुलं खुडताना रूपाली म्हणाली. "जात का नाय?"

"एकट्यानं जावंसं वाटत नाही. बेटावर नाही... कुठंच नाही."

रूपालीचा हात थांबला. "रविवारी सकाळची नांदूरची गाडी चांदोरीला थांबते. जागा धरा. आले तर आले."

रविवारी स्वराजनं शेजारच्या जागेवर रुमाल टाकला.

"कोन हाय का इथं?" जो तो विचारी.

"आहे," तो म्हणे, "येतेय."

शेवटी कंडक्टरनंच विचारलं, तेव्हा चांदोरीचा थांबा दिसायला लागला होता. थांब्यावर गर्दी होती. चेहरे अजून ओळखू येत नव्हते.