फुकट म्हणजे किती?

“तिकीट किती?” सुनयनाने विचारलं.

“फुकट,” बसच्या दारात उभा असलेला ड्रायव्हर म्हणाला.

“फुकट म्हणजे किती?”

तो गडबडला, मग हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडली, आणि आपल्याला ती दिसली याचाच सुनयनाला राग आला.

१९८३ सालच्या ऑगस्टमधला, शाळांच्या सुट्टीतला पहिला रविवार. बेटाच्या दक्षिणेकडच्या सुरिनाम गावात, देवळासमोर बारीक पाऊस भुरभुरत होता. वहिनी बाळंतीण, म्हणून चंद्रिका आणि सुरेंद्र ही भावाची दोन्ही पोरं आत्याच्या गळ्यात पडली होती. गावच्या मराठी मंडळाने जाहीर केलं होतं, सुट्टीभर दर रविवारी मुलांना घेऊन घरच्यांनी यायचं, पैसे नकोत. बस मालकाने दिलेली, पाव-भाजी देवळातल्या बायकांची, आणि आठवडाभर राजधानी पोर्ट लुईच्या फेऱ्या मारणारा देवराज रविवारी बिनपगारी ड्रायव्हर.

“नू पे आले?” सुरेंद्र बेटावरच्या क्रिओल बोलीत ओरडला. निघायचं ना?

“बसा तर खरं,” देवराज म्हणाला. “उतरताना पटलं नाही, तर तिकीट मी देईन तुम्हाला.”

फुकट या शब्दाची सुनयनाला धास्तीच होती, आणि तिला कारणही होतं. दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या बाईंनी तिला असंच माएबूर्गच्या किनाऱ्यावर सहलीला नेलं होतं. ती पोटभर हसली, बोलली, पोरांबरोबर धावली. पुढे कळलं, ती सहल नव्हतीच. व्हॅन भरून माणसं तिला बघायला आली होती. ‘घरी जाऊन कळवतो’ म्हणाली आणि कळवलं काय, तर मुलगी फार बोलते! सुनयना आठ दिवस रडली. मग तिने ठरवलं, यापुढे आपल्या नकळत आपल्याला कुणी बघायचं नाही. म्हणजे नाहीच.

पांपलमूसच्या बागेत पोरं परातीएवढी कमळपानं बघत होती, तेवढ्यात एक म्हातारा तिच्याशेजारी येऊन बसला. सीतारामकाका. ओळख ना पाळख, आणि सांगतो काय, “मी घोरतो हां, बाय. भिंतीपलीकडे ऐकू जातं. आणि घरात रेडिओ माझ्याच हातात लागतो.”

“बरं...” सुनयना म्हणाली आणि पदर सावरून थोडी सरकली. दूरवर देवराज पाण्याकडे बघत होता. जरा जास्तच बघत होता.

दुसऱ्या रविवारी ब्ल्यू बेच्या वाळूत कुंतीमावशी भेटल्या. त्यांनी तिच्या हातावर गरम गातो-पिमा ठेवला आणि डाळीचं ते तिखट भजं ती चावेपर्यंत श्वास रोखून बसल्या.

“मीठ?”

“थोडं जास्त झालंय.”

“अयो! माझं नेहमीच जास्त पडतं,” मावशी दुःखाने म्हणाल्या आणि लगोलग देवराजकडे वळून बघितलं.

इथेच सुनयनाच्या मनात पाल चुकचुकली. तरी परतताना देवराजने “सहल आवडली?” विचारलं, तेव्हा “समुद्र आवडला, बाकीचं अजून तपासतेय” असं म्हणून ती हसली. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला ती खळी आठवली. तिने चिडून कूस बदलली.

तिसऱ्या रविवारी बस ग्री-ग्रीला गेली. तिथे किनाऱ्याला प्रवाळाचा बांध नाही. लाटा थेट कड्यावर येऊन आपटतात, ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू येत नाही. चंद्रिका धावत आली. “आत्या, ती पुढच्या सीटवरची जमुनाबाय आहे ना, ती देवराजकाकांची आई! आणि कुंतीमावशी तिची बहीण, आणि घोरणारे काका तिचे दीर!”

सुनयनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पुन्हा तेच! आणि या खेपेला तो माणूस आवडू लागला होता, हे तर जास्त जिव्हारी लागलं. ती तरातरा देवराजपुढे गेली.

“तीन रविवार मला बघायला माणसं आणताय? पोरांच्या नावाखाली?”

देवराजचे कान लाल झाले. “आणली मीच... पण बघायला नाही.”

“मग?”

“दाखवायला.”

“काय?”

“माएबूर्गची ती व्हॅन... मी चालवत होतो.” तो खाली बघून बोलत होता. “तुम्ही हसत होता, बोलत होता... आणि परतताना ते मागे बसून म्हणाले, फार बोलते. वाटलं, सगळ्यांना उसाच्या शेतात उतरवावं.”

“मग उतरवलं का नाही?”

“दुसऱ्याची गाडी होती.” त्याने मान वर केली. “तेव्हाच ठरवलं. कधी विचारलंच तुम्हाला, तर आधी तुम्ही आमची माणसं बघायची. घरी बजावलं होतं, काही लपवू नका.”

घोरणं. रेडिओ. मीठ. सुनयनाला हसू फुटणार होतं. तिने ते गिळलं.

“पण मलाच न सांगता?”

“पहिल्याच दिवशी सांगणार होतो. तुम्ही विचारलंत, फुकट म्हणजे किती... तिथेच धीर सुटला.”

“आणि मी नाही म्हटलं तर? पोरांची सहल?”

“ती पोरांचीच आहे. पुढच्या रविवारी बस फ्लिक-आँ-फ्लाकला जाणारच. चंद्रिका-सुरेंद्रची खिडकीची जागा धरलेली आहे, तुम्ही काहीही म्हणा.”

दोन वर्षं मनात रुतलेला काटा तिथल्या तिथे निघाला. सुनयनाने डोळे पुसले आणि हाताची घडी घातली.

“जरा चालून दाखवा पाहू.”

“आं?”

“बसपर्यंत. सरळ. पाय ओढता का, बघायचंय.”

देवराज चालू लागला, लहान पोरासारखा अवघडून, आणि मागोमाग मंडळाची सगळी पोरं रांगेने निघाली. बसच्या पायरीवर जमुनाबाय पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या.

दाराशी पोचून त्याने वळून बघितलं. “घरी जाऊन... कळवाल?”

लाटा गरजत होत्या. फार बोलणाऱ्या मुलीने दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

“इथेच कळवते!” ती अशी ओरडली की अख्ख्या बसने खिडकीतून माना बाहेर काढल्या. “मुलगा फार कमी बोलतो... पण पसंत आहे!”