तीन फोडींचा पुरावा

"अठरावा प्रश्न? तो मी डोळे मिटून 'ब' टाकला!" शिवम हसत म्हणाला.

पुंडलिकनगरातल्या क्लासबाहेर निकाल लागला होता. उन्हाळी गणित शिबिराच्या वीस मोफत जागांपैकी शेवटची शिवमला मिळाली होती, एकतीस गुणांवर. तीस गुणांची विशाखा एकविसावी. फुलंब्रीहून रोज एसटीनं यायला ती तयार होती. फी मात्र घरच्यांना झेपणारी नव्हती.

"अन् मी नीट सोडवून 'क' लिहिलं, तर चूक!" विशाखा पुटपुटली.

"माझंपण 'क'च होतं!" सातवी आलेली श्रेया ओरडली. "या शिवमचं अंदाजपंचे बरोबर अन् आपलं चूक? कायतरी घोळ हाय!"

घोळ निघाला, तर जागा शिवमचीच जाणार होती. तरी त्यानंच खिशातलं पेन काढून विशाखापुढं धरलं. "मांड बरं पुन्हा."

विशाखानं प्रश्न लिहिला: 1/(x²+3x+2) + 1/(x²+5x+6).

"पहिल्या छेदाचे अवयव (x+1)(x+2). दुसऱ्याचे (x+2)(x+3). छेद समान केले की वर येतं (x+3) अधिक (x+1), म्हणजे 2(x+2). वरखालचा (x+2) उडाला. उरलं 2/[(x+1)(x+3)]. हेच 'क'!"

"अन् 'ब' बघ, 2/(2x²+8x+8)," श्रेया म्हणाली. "अंशात अंश, छेदात छेद मिळवून मोकळे!"

तिघं आत गेले. क्लासचे राजकुमार सर फोनवर होते. पोरांचं ऐकून त्यांनी फोनवर हात ठेवला. "उत्तरसूची मी स्वतः केलीय. वाद नको!"

कोपऱ्यात क्लासच्या सरूबाई कलिंगड कापायला बसल्या होत्या. अवयव शिवमला कधी जमले नव्हते. x ची किंमत ठेवणं मात्र जमायचं.

"मावशी, बारा सारख्या फोडी करा ना!" तो म्हणाला. फोडी झाल्यावर तो सरांकडे वळला. "सर, x म्हणजे 1 धरा. पहिला अपूर्णांक एक षष्ठांश, या दोन फोडी. दुसरा एक द्वादशांश, ही एक. 'क' म्हणतो एक चतुर्थांश, बरोबर तीन फोडी. तुमचा 'ब' म्हणतो एक नवमांश. दीड फोडसुद्धा नाय!"

"अगं बाई!" सरूबाई म्हणाल्या. "दोनात एक घातली अन् कमी झाली? मधल्या मधी खाल्ली कुणी?"

सरांनी फोन ठेवला. कागद जवळ ओढला. कान लाल झाले. "घाईत चुकलो, पोरांनो."

तासाभरात सगळे पेपर पुन्हा तपासून नवी यादी लागली. विसावी विशाखा. एकविसावा शिवम.

"तुझा नंबर जाईल, हे ठाऊक होतं तुला?" सरांनी विचारलं.

"व्हय, सर."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माझी चूक तू दाखवलीस, तीही स्वतःची जागा घालवून. शाबास!"

"शिबिरात जे शिकवतील, ते मी रोज तुला सांगणार," विशाखा म्हणाली. "पण डोळे उघडे ठेवायचे!"

"ठेवतो," शिवम म्हणाला. "आधी तो पुरावा वाटा. केव्हाचा समोर ठेवलाय!"