सेल खिशात होता

दार लोटा आणि नीट बसा. आज माझं अंग आंबलंय, त्यामुळे एकच सांगतो. मध्ये फाटे फोडायचे नाहीत. ही कुणाच्या मावसभावाच्या शेजाऱ्याची गोष्ट नाही, माझ्या शाळेतल्या दोस्ताची आहे. आमचा तारवाला. त्याचं गिटारदुरुस्तीचं दुकान तुम्ही पाहिलंय.

गेल्या फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार. शटर अर्धं खाली आलं होतं, तेवढ्यात एक मुलगी वाकून आत आली. हातात वडिलांची गिटार. वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला एका शाळेत वाजवून दाखवायचं होतं, संगीतशिक्षिकेच्या जागेसाठी. घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. आणि नेमकी स्पीकरला जोडली की सगळ्यात जाड तार मुकी.

"दुसऱ्या कुणाची घेऊन जा ना," तारवाला म्हणाला. दिवसभर उभं राहून त्याचे पाय भरून आले होते.

"काका, हीच हवी. दुसरीवर माझा हात बसत नाही."

काका म्हटल्यावर त्यानं ठेवून घेतली.

"नव्या तारा घाला, पण टोकं कापू नका हं," ती म्हणाली. "लहानपणी माझ्या गालाला टोक लागलं होतं. तेव्हापासून बाबा टोकं वळवून कड्या करायचे."

त्यानं पाहिलं. वर खुंट्यांपाशी सहा बारीक कड्या, सगळ्या डावीकडे वळलेल्या.

"डावखुरे होते?"

"वाजवायचे उजव्यांसारखं. बाकी सगळं डाव्या हातानं."

"कड्याबिड्या मला जमत नाहीत. मी कापतो," तो म्हणाला. चिडका आहे, पण मनाचा वाईट नाही.

आता त्या गिटारचं ऐका. तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात, तिच्याखाली एक बारीक वायर असते. ती पिकअप. तारांचा कंप पकडून स्पीकरला देते. पट्टीचं बूड सपाट नसलं, की एखाद्या तारेचा दाब कमी पडतो आणि ती मुकी होते. म्हणून बूड घासायचं. आणि हे सगळं गिटारमधल्या सेलवर चालतं; तो काढला, की सगळंच बंद.

त्यानं तारा उतरवल्या, पट्टी काढून घासायला घेतली. डोळ्यांवर झोप. पेंगता पेंगता एक टोक जास्तच घासलं गेलं. तारा न घालताच त्याला कळलं, पट्टी वाया गेली. दुकानात दुसरी नव्हती, बाजार कधीच बंद झालेला. बसला कपाळाला हात लावून. त्या पोरीला सकाळी काय तोंड दाखवायचं? सवयीनं सेल काढून शर्टाच्या खिशात टाकला, कारण स्पीकरची वायर गिटारला जोडलेली राहिली की सेल उतरतो. स्पीकर बंद करायचं मात्र राहिलं. खुर्चीतच डोळा लागला.

जाग आली ती आवाजानं.

खर्र... खर्र...

स्पीकरमधून. हाड घासल्याचा आवाज.

त्यानं डोळे उघडले नाहीत. हात खिशावर गेला. सेल खिशात होता.

खर्र...

मग काहीच नाही. बराच वेळ...

टक. टक. लाकडावर, बोटानं.

"कोण?"

...

आणि जाड तार वाजली. स्वच्छ. भरदार.

तो मला म्हणाला, "भीती वाटली रे. पण खरं सांगू? त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. कुणीतरी हातातलं काम घेतलं आणि म्हणालं, झोप आता." आणि झोपला, पठ्ठ्या!

सकाळी मुलगी आली, तेव्हा गिटार टेबलावर होती. तारा चढवलेल्या. त्यानं खिशातला सेल काढून आत बसवला. तिनं वाजवलं. सहाही तारा सारख्या. मग तिचं बोट वर गेलं, तारांच्या टोकांवर, आणि तिथंच राहिलं.

"काका... ऐकलंत माझं."

तो हो म्हणाला.

नोकरी लागली तिला. मी त्याला म्हटलं, अरे, झोपेत तूच केलं असशील सगळं. त्यानं तारेचा एक तुकडा घेतला आणि माझ्यासमोर टोक वळवलं. कडी उजवीकडे गेली. पुन्हा वळवलं. उजवीकडेच.

तिच्या गिटारवरच्या मी स्वतः पाहिल्यात. सहाही डावीकडे.