तिसरी थाप

ते दार नुसतं ढकलून घ्या. कडी राहू द्या, तिचं मागून सांगतो. आन् ज्याला हसायचं असंल त्यानं आत्ताच हसून घ्यावं. मधात खिदळलेलं मला चालत न्हाई.

ही गोष्ट चंद्रभानची. आमच्या चुलत्याचा जिवाभावाचा दोस्त. परभणीला स्टेशनापाशी कापसाची सरकी काढायचं एक जिन होतं, तिथं रुईच्या गाठी दाबायच्या प्रेसवर तो कामाला होता. निजामाचं राज्य. साल पंचेचाळीस, पौषातली संकष्टी. सांज झाली तसा चंद्रभान पिंगळीच्या वाटेला लागला. काम म्हटलं तर साधंच. काखेत एक घोंगडी होती, ती संगं काम करणाऱ्या भुजंगच्या घरी द्यायची आन् त्याच्या बायकोला, धुरपताबाईला, एक निरोप सांगायचा. निरोप जिनाच्या मॅनेजरनं, गोविंदरावानं पढवून दिलेला : भुजंग काम सोडून हैद्राबादला गेला, पत्ता ठावं न्हाई.

निरोप खोटा होता. आन् चंद्रभानला ते पक्कं माहीत होतं.

आता तवाचं काम कसं चालायचं ते ऐका. रुई भरायला एक लोखंडी पेटी असायची, माणूस आत उभा राहिला तरी दिसू नये एवढी खोल. तिच्यात रुई टाकायची आन् माणसं आत उतरून पायानं तुडवायची. पेटी गच्च झाली की माणसं वर यायची, मंग चंद्रभाननं दांडा ओढायचा. दांडा ओढला की खालून दट्ट्या यायचा आन् रुईची दगडावानी गाठ व्हायची. पण त्याआधी तुडवणाऱ्यानं पेटीच्या पत्र्यावर तीन थापा मारायच्या, हा नेम. पहिली थाप, पेटी भरली. दुसरी, चढायलोय. तिसरी, बाहेर आलो. तिसरी ऐकल्याबिगर चंद्रभान दांड्याला हात लावत नव्हता. बारा वर्षांत त्याच्या हातून कुणाचं नखबी दुखलं न्हाई.

मंग नवीन यंत्र आलं. माणसाऐवजी लोखंडी पाय, पट्ट्यावर चालणारा, धाड धाड रुई तुडवणारा. खोटं कशाला बोलू, यंत्रात गुण होता. तुडवणाऱ्यांच्या छातीत रुई जायची, चाळिशी आली की माणूस खोकून खोकून वाळायचा. चंद्रभानचा सख्खा थोरला भाऊ माणिकराव असाच गेला होता. यंत्राला छाती न्हाई. तीस गाठी व्हायच्या तिथं सत्तर व्हायला लागल्या. चंद्रभान लय खूश झाला, यंत्रापुढं नारळ त्यानंच फोडला. आन् त्याच सांजेला अठरा तुडवणाऱ्यांना फाटकाबाहेर काढलं. खोकत होते बिचारे, पण दोन टाईम खात तरी होते.

आता गंमत बघा. यंत्राचा पाय गोल, पेटी चौकोनी! कोपऱ्यात रुई भुसभुशीत राहायची, गाठी टोकाला फुगायच्या. व्यापारी शिव्या घालायला लागले. यंत्र गोविंदरावाच्याच शिफारशीनं आलेलं, मालकाला, सेठला, सांगायला तोंड कुठाय? त्यानं काढलेल्या अठरांतल्या भुजंगला चोरून बोलावलं. रात्रपाळी, अर्धी मजुरी. यंत्राचा पाय थांबला की आत उतरायचं, टाचेनं चार कोपरे दाबायचे आन् वर यायचं. भुजंगच्या डाव्या हाताची करंगळी जिनाच्या रुळात गेली होती, दुसरीकडं त्याला कोण कामाला ठेवणार? तो आला. सेठला दाखवायला यंत्र आन् यंत्राचं उणं झाकायला माणूस. काय म्हणावं याला?

यंत्राला घंटी होती, पाय थांबल्यावर जरा वेळानं वाजायची. घंटी झाली की दांडा ओढायचा, असा नवा हुकूम. भुजंग तरी एकटा असूनबी तिन्ही थापा मारायचा आन् चंद्रभान तिन्ही ऐकायचा. गोविंदराव त्यावर रोज खेकसायचा.

संकष्टीच्या आठ दिवस आधीची रात्र. गोविंदराव मागंच उभा. घंटी झाली. पत्र्यावर थाप पडली. मंग दुसरी.

"ओढ की! घंटी ऐकू येईना का?"

"साहेब, तिसरी पडू द्या..."

"तिसरी-बिसरी काय लावलंय? निघाला असंल तो. ओढ, न्हाईतर उद्यापासून तू फाटकाबाहेर!"

घरी कस्तुरा होती, तीन लेकरं होती. चंद्रभाननं दांडा ओढला.

दट्ट्या मधात जरा अडखळला. मंग वर गेला.

गाठीच्या कोपऱ्याला तांबडं लागलं होतं. गोविंदरावानं ते बघितलं, चंद्रभाननं बघितलं. गोविंदराव म्हणाला, "पान खाऊन थुंकलंय कुणीतरी." पहाटंच्या मालगाडीत ती गाठ चढली. चंद्रभान फलाटावर उभा होता. गाठ फोडा, एवढे दोन शब्द त्याला बोलता आले न्हाईत. खुंटीवर भुजंगची घोंगडी तेवढी उरली.

तीच घोंगडी घेऊन तो आता रेल्वेच्या रुळाकडंनं चालला होता. थंडी मरणाची. कंदील मिणमिणता. अर्धी वाट झाली तवा त्याला वाटलं, मागून कुणीतरी यायलंय. थांबला. पावलं थांबली न्हाईत. पण जवळबी येईनात. एकाच जागी पडायली होती. कुणीतरी उभ्या उभ्या काहीतरी तुडवायलं होतं... मऊ काहीतरी...

चंद्रभाननं मागं बघितलं न्हाई.

पिंगळीत भुजंगचं दार बंद होतं. त्यानं हाक मारली, "वहिनी, मी चंद्रभान."

धुरपताबाईनं दार उघडलं. "आवाज वळखला म्हणून उघडलं, भाऊजी. यांनी सांगून ठेवलंय, तीन थापा पडल्याबिगर रातीचं दार उघडायचं न्हाई. जिनातली सवय, घरीबी तसंच करतात." तिनं त्याच्या काखेत बघितलं. "घोंगडी तुमच्याजवळ? मंग हे कुठंयत इतके दिवस?"

चंद्रभाननं पढवलेलं सांगितलं. काम सोडलं. हैद्राबादला गेला.

"घोंगडी टाकून? या थंडीत?"

"घाईत गेला, वहिनी."

बाई घोंगडीवर हात फिरवत बसली. मंग हळूच म्हणाली, "मंग आठ दिवस झाले, रोज रातीला दारावर दोन थापा कोण मारतंय?"

चंद्रभान कंदिलाची वात खाली-वर करायला लागला.

"दोनच पडतात. मी तिसरीची वाट बघते, भाऊजी. पडतच न्हाई. उघडावं का? तुमी सांगा, तुमी त्यांच्या शेजारी बारा वर्षं काम केलंय."

खरं पार जिभेवर आलं होतं. पण खरं सांगितलं तर ही उद्या पोलिसांच्या अमीनापुढं जाणार, आन् अमीन पहिलं हेच विचारणार, दांडा कुणी ओढला?

तेवढ्यात दारावर थाप पडली.

बाईनं एक बोट वर केलं. दुसरी पडली.

दोघंबी दाराकडं बघत बसले. लय वेळ...

"बघा," धुरपताबाई म्हणाली. "पडली का तिसरी?"

"वारा असंल, वहिनी," चंद्रभान म्हणाला. "उघडू नका."

उठला आन् निघाला. बाहेर कुणी नव्हतं. परत येताना वाटेनं काहीच वाजलं न्हाई. त्यालाच तो लय भ्याला.

घरी पोचला तवा चंद्र वर आला होता. कस्तुरा लेकरांना घेऊन झोपली होती. त्यानं दार लावलं. कडी घातली. हलवून बघितली. कंदील बारीक केला, आन् पडला.

थाप.

तो उठून बसला.

थाप.

बाहेरून. त्याच्याच दारावर.

मंग काहीच न्हाई. लेकरांचा श्वास तेवढा... चंद्रभान हात जोडून पुटपुटला, "भुजंग, उद्या सांगतो रे. तिला सांगतो, अमीनाला सांगतो. उद्या. शप्पथ."

शांत.

मंग तिसरी पडली.

आतून.

कडी तशीच होती.

सकाळी चंद्रभान उठला, तोंड धुतलं आन् पिंगळीला न्हाई, जिनात कामाला गेला. घंटी झाली की दांडा ओढायचा. पुढं वर्षभरात यंत्राचा पायबी चौकोनी झाला, मंग आत कुणाला उतरायची गरजच राहिली न्हाई. धुरपताबाई पार म्हातारी होऊन गेली, पण दोन थापांना तिनं मरेपर्यंत दार उघडलं न्हाई. तिसरीची वाट बघत गेली बिचारी. ज्यानं तिला सांगायचं, तो भडवा रोज रातीला स्वतःचं दार सताड उघडं टाकून झोपायचा. कडी म्हणून लावली न्हाई त्यानं परत.

आमच्या चुलत्यानं ते दार बघितलंय. आतल्या बाजूनं, कडीच्या वर, रुईचे पांढरे तंतू चिकटलेले. डाव्या हाताचा पंजा. कस्तुरा रॉकेल लावून लावून घासायची. दुसऱ्या दिवशी तिथंच, तसाच. अंगठा आन् तीन बोटं.