वरवंट्याचं बारसं

आमच्या गायनसमूहाला नाव ठेवायला चार महिने लागले. गाणारी माणसं बारा आणि सुचवलेली नावं बावीस. त्यातली निम्मी ‘स्वर’नं सुरू होणारी, आणि शहरातल्या कुठल्या ना कुठल्या ऑर्केस्ट्राच्या टेम्पोवर आधीच रंगवलेली. एकाचं नाव दुसऱ्याला पटायचं नाही आणि दुसऱ्याचं कुणालाच नाही. स्पर्धेचा अर्ज माझ्या बॅगेत चुरगळत चालला होता, त्यातला पहिलाच रकाना कोरा होता.

हे २०११ सालचं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडं कापसाचं एक बंद पडलेलं जिनिंग आहे, त्याच्या ऑफिसवरचा हॉल आम्हाला रविवारी सकाळी नऊ ते साडेबारा मिळायचा. वर पत्रा, पूर्वेला तीन खिडक्या आणि जिन्यात सरकीचा जुना वास. पॅसेंजर आली की गाणं थांबवायचं, तावदानं थरथरायची थांबली की पुन्हा धरायचं. आम्ही वाद्यांशिवाय गात होतो, चार ओळी एकाच वेळी, एकमेकींत विणलेल्या. असलं काही आमच्या भागात कुणी करत नव्हतं, त्यामुळं चुकलं तरी कुणाला कळायचं नाही, असं रामकिसन म्हणायचा.

रामकिसन माझा पिशोरच्या शाळेपासूनचा मित्र. तो संगीतशिक्षक, चाली बांधणारा तोच. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि समूहात हातवारे करतो. ज्याचं वजन करता येतं त्यावर माझा विश्वास बसतो, बाकी सगळ्यावर मी आधी संशय घेतो. बायको याला खोड म्हणते.

शेवटी मतदान घेतलं. सात विरुद्ध पाच मतांनी ‘नादवेल’ ठरलं आणि पाच जण लगेच रुसले. तेव्हा म्हाळसाबाई पुढं आल्या. त्या आमच्या कॉलेजच्या मेसमध्ये भाकऱ्या करायच्या, पडेगावहून यायच्या. त्यांचा खर्जातला आवाज मी भाकऱ्या थापतानाच ऐकला होता आणि त्यांना ओढून आणलं होतं.

“नाव मत घिऊन ठिवत्यात व्हय सर?” त्या म्हणाल्या. “आत्यानं ठिवायचं असतं. मंग कुणी रुसत नाय. म्या हुते आत्या. तुमचं ते नादवेल का काय, तेच कानात सांगते. बारसं करू.”

सगळ्यांना गंमत वाटली. मलाही वाटली, कारण भांडण मिटत होतं. पाळण्यात घालायचं काय, असं कुणीतरी विचारलं. बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला न्हाऊ घालून, कुंची बांधून पाळण्याखालून वरून फिरवतात, ते सगळ्यांना ठाऊकच होतं. वरवंटा घेऊ, असं ठरलं.

“पाळणा आमच्याकडं आहे,” साळू वहिनी म्हणाल्या.

साळू म्हणजे रामकिसनची बायको, आमच्यातला सगळ्यात उंच आवाज. अकरा वर्षांपूर्वी त्यांना एक मुलगा झाला होता आणि तो चौथ्या दिवशी गेला. पाळणा तेव्हापासून माळ्यावर होता. मी रामकिसनकडं पाहिलं. तो खिडकीतून रुळांकडं बघत होता.

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता बारसं झालं. पाळण्याला शेवंतीच्या माळा होत्या आणि डब्यात घुगऱ्या. वहिनींनी घरचाच वरवंटा आणला होता, एका टोकाला टवका उडालेला. त्यांनी तो हळदीच्या पाण्यानं धुतला आणि आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला. बायांनी ‘घ्या, घ्या’ करत तो पाळण्याखालून दिला, वरून घेतला. आम्ही पुरुष मागं उभे राहून फिदीफिदी हसत होतो. मग म्हाळसाबाईंनी पाळण्यात डोकं घातलं, कापडाला तोंड लावलं आणि कुर्र केलं. रीतीप्रमाणं त्यांच्या पाठीत बुक्के पडायला लागले.

त्यांनी डोकं वर काढायला जरा जास्तच वेळ घेतला.

“तन्मय,” त्या म्हणाल्या.

एक-दोघं हसली. ठरलं काय होतं आणि बाई बोलली काय! मीही हसणार होतो, पण वहिनींच्या हातातली पाळण्याची दोरी सुटली होती आणि रामकिसनचा चेहरा पांढरा पडला होता. घुगऱ्या मुकाट्यानं वाटल्या गेल्या.

नाव वाईट नव्हतं. समूहाला शोभत होतं आणि रुसलेल्या पाचांनाही ते चाललं. मी अर्जात तेच लिहिलं.

अर्ज टाकून आलो त्या संध्याकाळी रामकिसन मला स्टेशनच्या बाकावर घेऊन बसला. मुलगा झाला त्या चार दिवसांत दोघांनी नाव ठरवून ठेवलं होतं, बाराव्या दिवशी सांगायचं म्हणून. कुणालाच सांगितलं नव्हतं. ना त्याच्या आईला, ना मला.

“तन्मय?” मी विचारलं.

त्यानं मान हलवली.

मला आधी त्याचाच संशय आला, हे कबूल करतो. पोराचं नाव आपल्या समूहाला द्यावं असं कुठल्या बापाला वाटणार नाही? तोंडानं मागायचा संकोच, म्हणून बाईला पढवलं असणार. मी तसं बोलून दाखवलं. तो चिडला नाही. “मला वाटलं साळूनं सांगितलं असेल,” तो म्हणाला. “तिला वाटतंय मी सांगितलं.”

दुसऱ्या दिवशी मी मेसमध्ये गेलो. म्हाळसाबाई परातीत पीठ मळत होत्या. मी थेट विचारलं, नाव कुणी सांगितलं?

“कुणी न्हाय सर. म्या कानात नादवेलच म्हणलं. लेकराच्यान.”

“मग तन्मय कुठून आलं?”

त्यांनी पिठातले हात काढले नाहीत. “त्यानं त्याचं सांगितलं.”

“कोणी?”

“मला काय ठावं. वरवंट्याच्या मागं लेकरू असतंय सर. आपुन वरवंटा फिरिवला, कुर्र केलं, अन् मागली जागा रिकामीच ठिवली. चुकलंच. माझ्या ध्यानात यायला पायजे हुतं.” मग हळूच म्हणाल्या, “म्या आता येत न्हाय गाण्याला.”

बाई बेरकी आहे, असं मी स्वतःला सांगितलं. माझं बोट चुकून परातीतल्या पिठाला लागलं, तर ते पार गार झालं होतं; त्या कधीच्या नुसत्याच मळत होत्या. मी विषय तिथंच सोडला.

वहिनींनी वरवंटा पाट्यावर परत ठेवलाच नाही. पुढच्या रविवारी तो गाठोड्यात, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होता. त्या दिवशी त्या अशा गायल्या की मी हात खाली घ्यायला विसरलो. नंतरच्या रविवारी त्यांनी रामकिसनच्या चालीतली एक ओळ हलक्या आवाजात घ्यायला लावली, “डोळा लागलाय” म्हणून. आमच्यातला बँकेतला बन्सी हसायला गेला आणि मध्येच गप्प झाला. त्यानंतर सगळेच ती ओळ हलक्यानं म्हणायला लागले, न सांगता.

तिसऱ्या आठवड्यात रामकिसन घरी आला. दाढी वाढली होती. वहिनींनी शाळेतल्या पोषण आहाराचं काम सोडलं होतं, शेजारी जाणं बंद केलं होतं. घरात टीव्ही लावायचा नाही, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही.

“ती खूश आहे रे सूर्या,” तो म्हणाला. “अकरा वर्षांत अशी पाहिली नव्हती. म्हणून तर बोलवत नाही काही. पण मागच्या वेळी ती सहा महिने उठली नव्हती. आता परत हे हातातून गेलं तर ती राहायची नाही.” थोडा थांबून म्हणाला, “आणि त्याचं वजन वाढतंय.”

“कशाचं?”

“मला नाव घ्यायला लावू नको.”

हे ऐकून मला बरं वाटलं. वजन म्हटल्यावर विषय माझ्या हद्दीत आला. रविवारी मी प्रयोगशाळेतला स्प्रिंगचा काटा घेऊन गेलो. वहिनी नाही म्हणतील असं वाटलं होतं, पण त्यांनी गाठोडं आपण होऊन पुढं केलं. “करा की भाऊजी. दवाखान्यात पण करतेतच.”

तीन किलो दोनशे. पुढच्या रविवारी तीन किलो चारशे. त्याच्या पुढच्या रविवारी तीन किलो सहाशे दहा.

कुणीतरी कापड वाढवतंय. दुसरं काय असणार? माझा संशय पुन्हा रामकिसनवर गेला. बायकोला खूश ठेवायला माणूस काय करणार नाही, आणि वर मलाच येऊन सांगतो. मला त्याचा राग आला. त्याची दयाही आली. मी ठरवलं, हे थांबवायचं. गुपचूप, कुणाला न दुखवता. गाठोड्यात दुसरा वरवंटा घालायचा. एकदा का वहिनींना कळलं की आठवडाभर आपण भलताच दगड मांडीवर घेऊन बसलो होतो, की भ्रम आपोआप उतरेल. आता लिहिताना हा विचार क्रूर वाटतो. तेव्हा तो मला शास्त्रीय वाटला होता.

पिशोरच्या बाजारात पाथरवटाकडं मी तासभर घालवला. तसाच काळा, तेवढ्याच जाडीचा नग शोधला आणि घरी येऊन छिन्नीनं एका टोकाचा टवका उडवला.

रविवारी अकरा वाजता चहाची सुट्टी झाली. सगळे खाली टपरीवर गेले. वहिनी सहसा वरच थांबायच्या, पण त्या दिवशी रामकिसननं त्यांना आग्रह करून नेलं. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. दारातून त्या मागं वळल्या.

“भाऊजी, जरा लक्ष ठेवा हं. आत्ताच झोपलाय.”

“ठेवतो,” मी म्हणालो.

जिन्यावरची पावलं खाली गेली. पूर्वेच्या खिडक्यांतून ऊन आत आलं होतं, खुर्च्या रिकाम्या होत्या, कुणाची तरी वही वाऱ्यानं फडफडत होती. मी गाठोडं काट्याला अडकवलं. चार किलोला पन्नास ग्रॅम कमी.

मग ते सोडलं.

कापड एकच होतं. त्यात दगड होता. हळदीचे डाग पडलेला, टवका उडालेला, गार. मी तो दोन्ही बाजूंनी निरखला, बोटानं वाजवला. मग नुसता दगड काट्याला लावला. दोन किलो सातशे. कापड फार तर पावशेर. काटा बिघडला असणार, मी म्हटलं, आणि ते मोठ्यानं म्हटलं.

तरी जीव भांड्यात पडला. इतके दिवस मी एका दगडाला घाबरत होतो! मला हसूच आलं. तो दगड मी बॅगेत घातला, चेन लावली आणि पिशोरहून आणलेला काढला. त्याला अजून छिन्नीची भुकटी लागलेली होती. त्याला ना कुणी न्हाऊ घातलं होतं, ना कुणी त्याच्या कानात काही सांगितलं होतं.

खालून हसण्याचा आवाज आला. चहा संपला होता.

मी घाईनं नवा वरवंटा लुगड्याच्या तुकड्यावर ठेवला. वहिनी करायच्या तशीच घडी केली. आधी खालचं टोक वर, मग डावी बाजू, मग उजवी.

जिन्यावर पावलं वाजली. सगळ्यात पुढं त्यांचीच होती.

गळ्यापाशी कापड सैल राहिलं होतं. ते खोचायला मी तर्जनी आत घातली.

दारात वहिनी आल्या. माझ्याकडं पाहून त्या हसल्या आणि तोंडावर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केली.

मी बोट बाहेर काढू लागलो. कापड सैलच होतं, तरी ते निघायला थोडा जोर लावावा लागला.