रक्तात न सापडलेली आठवण

कुसवड्याच्या ग्रामीण रुग्णालयात आता बॉलपेनने गोल काढायची पद्धत उरली नव्हती. पूर्वी हातावर अँटिबायोटिकचं थेंबभर औषध टोचायचं, भोवती गोल काढायचा आणि वीस मिनिटांत गांध उठली नाही की बेधडक पूर्ण डोस द्यायचा. आता टेबलावर पोळीच्या डब्याएवढं स्मृतिमापक होतं. रक्ताच्या थेंबात औषध मिसळलं की ते तासाभरात हिरवा नाहीतर लाल दिवा लावायचं.

कुंदा सिस्टरना त्या गोलाचा मनस्वी राग होता. स्वतःच्या नवऱ्याच्या हातावरचा गोल त्यांनीच काढला होता. गांध उठली नाही. नवव्या दिवशी मात्र त्याची कातडी चादरीला चिकटून सुटू लागली आणि चार दिवसांत तो गेला. गोलात सापडायची ती फक्त झटपट येणारी अॅलर्जी. उशिरा येणारी वेगळीच. औषध शरीरातल्या प्रथिनाला चिकटतं, शरीराच्या पहारेकरी टी-पेशी त्या जोडीला परकी समजतात, गुपचूप आपली फौज वाढवतात आणि आठवड्याभरानं आपल्याच कातडीवर तुटून पडतात. एकदा झालेली ओळख त्या वर्षानुवर्षं विसरत नाहीत. ही आठवण तपासायलाच तर स्मृतिमापक आलं होतं.

त्या सकाळी कौसाबाई गिरमे आल्या. साठीच्या, मधुमेही. काच लागून जखम चिघळली आणि पाय घोट्यापर्यंत काळानिळा पडलेला. तासाभरात दिवा हिरवा लागला.

"सुरू करा सिस्टर," डॉ. अन्वय सुळे म्हणाले.

सलाईनची नळी बघून कौसाबाई चुळबुळल्या. "बाई, मागं ह्याच औषदानं आठव्या दिशी अंगभर पुरळ उठलं हुतं. तोंड आतनं सोललं. डागदर म्हनले, उष्नता हाय."

कुंदा सिस्टरचा हात थांबला. "सर, काही आठवणीच्या पेशी कातडीतच मुक्काम करतात. यंत्र नुसतं रक्त बघतं."

"असं हजारात एखाद्याचं. दुसरं औषध जिल्ह्याहून यायला उद्याची दुपार होईल. तोवर हा पाय थांबणार आहे का?"

दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत होती.

"बाई, तुमी काय म्हनता?" कौसाबाईंनी विचारलं.

डॉक्टरांचं ऐका, एवढं म्हणून सिस्टर मोकळ्या होऊ शकल्या असत्या. पण त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या जागी मी असते, तर घेतलं नसतं."

"मग नगं."

दुसरं औषध आलं दुसऱ्या दिवशी चार वाजता. तिसऱ्या दिवशी पायाचा पंजा कापून काढावा लागला. सुळेंनी केसपेपरवर तेवढं लिहिलं: 'यंत्रानुसार औषध निर्धोक. रुग्णाचा नकार.' सिस्टरनी ते वाचलं आणि त्यांना रडूही आलं नाही. जे पुरळ उठलंच नाही, ते उठलं असतं हे कुणाला आणि कसं पटवून देणार?

पाचव्या दिवशी त्या ड्रेसिंगला गेल्या. कौसाबाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बँडेजकडे बघत होत्या.

"बाई, खरं सांगा. मी त्या पुरळाचं बोललेच नसते, तर माजा पाय ऱ्हायला असता का?"

"माहीत नाही हो," सिस्टर म्हणाल्या.

कौसाबाईंनी मान हलवली. "मग फुडल्या येळी कुनी इचारलं, तर सांगू का गप बसू?"