घोडीखालचा मासा

सोम्प्वेने गिटारच्या तिन्ही घोड्या काउंटरवर ओळीने मांडल्या आणि व्हर्नियरने एकेकीच्या पायांतलं अंतर मोजलं. त्र्याहत्तर मिलिमीटर. सत्तर. पुन्हा त्र्याहत्तर.

"नाही बसणार. हिला अठ्ठ्याहत्तर लागतं. वर थोडंसंच," तो म्हणाला.

काउंटरपलीकडे ओर्तान्स उभी होती. गिटार अजून तिच्या काखेतच होती, जुन्या चादरीत गुंडाळलेली.

"तुम्ही गिटार तर उघडूनही बघितली नाहीत, काका."

सोम्प्वेने व्हर्नियर मिटला. "चार वर्षं तुझ्या बापाच्या शेजारी बसून वाजवलंय. पाठ आहे मला."

ती हसली. तिला ते पटलं, याचंच त्याला जास्त लागलं.

चादर सोडून बघितली तर गिटार तशीच होती. तपकिरी, कडेला काळपट होत गेलेली, १९६२ साली जर्मनीतल्या एका छोट्या कारखान्यात झालेली. कारखाना पाच वर्षांत बुडाला. या लुबुम्बाशी शहरात ही एकच आली, एका बेल्जियन कारकुनाबरोबर, आणि तो देश सोडून गेला तेव्हा ओर्तान्सच्या बापाकडे, मुकालायकडे राहिली. ज्या ॲल्युमिनियमच्या घोडीवर तारा टेकतात ती घोडी मात्र हिच्यावर नव्हती. चाळीस वर्षं नव्हती. त्या जागी लाकडात नुसती दोन भोकं होती.

मुकालायच्या ब्रसेल्सच्या भाच्याने या तीन घोड्या पाठवल्या होत्या. अँटवर्पचा कुणी संग्राहक गिटार विकत घ्यायला तयार होता, पण सुटा भाग त्याच्याकडेही नव्हता.

"बाबांची छाती आता फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टर म्हणाले," ओर्तान्स म्हणाली. "खाणीची धूळ. त्यांना एकदाच वाजवायचीय. मी म्हटलं, दुसरी आणते भाड्याने. तर म्हणाले, बायको मेली तर शेजारीण आणशील का?"

"ठेवून जा. बनवून देतो."

ती गेल्यावर सोम्प्वे दुकानामागच्या खोलीत गेला. बायको गेल्यापासून तो तिथे एकटाच राहत असे. खाटेखालून त्याने बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला. आत फडक्यात घोडी होती. अठ्ठ्याहत्तर मिलिमीटर आणि वर थोडंसं.

घोडी त्यानेच काढली होती. १९७१ साली. किन्शासाहून एक माणूस ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आला होता, एकाच दिवसापुरता. सकाळी मुकालायने गिटार उघडली तर तारा लोंबत होत्या. दुसरी कुठलीच घोडी त्या भोकांत बसेना. मुकालाय दुसऱ्या गिटारला हात लावेना, म्हणून मुख्य गिटार सोम्प्वेने स्वतःच्या वाद्यावर वाजवली. सुरावट मुकालायची होती, बोटं सोम्प्वेची. ती तबकडी रेडिओवर दहा वर्षं वाजली आणि 'सोम्प्वेची गिटार' असं नाव झालं. मुकालाय पिऊन कुठेतरी घोडी हरवून आला असं सगळे म्हणाले. शेवटी मुकालायलाही ते खरं वाटायला लागलं. तो खाणीत कामाला लागला.

घोडीच्या पोटाला मुकालायने खिळ्याने एक मासा कोरलेला होता. एका रेघेत काढलेला, शेपटीशी रेघ रेघेला छेदते तसला. त्याची आई बाजारात मासे विकायची. सोम्प्वेने तो मासा त्याच आठवड्यात कानशीने घासून काढला होता. आता त्या जागी बोट फिरवलं तर काही लागत नव्हतं.

घोडी तशीच नेऊन दिली असती तर काम पाच मिनिटांचं होतं. पण मग ती कुठे होती हे सांगावं लागलं असतं.

त्याने ती फडक्यात बांधली आणि कातुबा वस्तीत कालेंगाकडे गेला.

कालेंगा भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवून स्वयंपाकाची पातेली ओतायचा. नमुना ओल्या वाळूत दाबायचा, अलगद काढायचा, पोकळीत रस ओतायचा. त्याच्या अंगणात इंजिनांची झाकणं, सायकलींचे मडगार्ड आणि खिडक्यांच्या चौकटी यांचा ढीग असे.

"या या, म्हातारबा! आज काय वितळवायचं? उरलेले दात?"

"अशीच एक हवीय."

कालेंगाने घोडी हातावर तोलली. "अशीच नाही होणार. धातू निवताना आकसतो. हिची पोरगी हिच्यापेक्षा मिलिमीटरभर बुटकी येईल. दोन्ही टोकांना मेण लावून आणा, मग बघू."

"आधी एक अशीच ओत. किती आकसते ते मोजतो."

दुसऱ्या दिवशी त्याने ओतीव घोडी मोजली. अठ्ठ्याहत्तर आणि वर थोडंसं. त्याने दोनदा मोजली. मग पालथी केली.

पोटाला मासा होता.

"हे काय आहे?"

"मला काय विचारता? तुम्ही दिलंत तेच आलंय," कालेंगा म्हणाला. "वाळूला कुठे चित्र काढता येतं!"

सोम्प्वेने मूळ घोडी उलटी करून त्याच्यापुढे धरली. कालेंगाने अंगठा फिरवला, खांदे उडवले. कुणीतरी साच्यात काडी फिरवली असेल म्हणाला, पोरं येतात इथे, कोंबड्याही येतात.

दुसरी घोडी ओतताना साच्यावर फळी ठेवली. तीही आकसली नाही. मासा होता, आणि आधीपेक्षा खोल होता. तिसऱ्या वेळी सोम्प्वे सकाळीच जाऊन बसला.

"तुमच्या त्या दोन टाकाऊ पोरी मी मुशीत टाकल्या," कालेंगा म्हणाला. "त्या दिवशी अकरा पातेली झाली. सगळ्यांच्या तळाला आतून मासा आलाय, तळहाताएवढा. मी म्हटलं, बुडालो. तर बाया भांडून घेऊन गेल्या. नवीन नक्षी म्हणे! रॉयल्टी मागू नका हं."

सोम्प्वे हसला नाही. नमुना त्याने स्वतः वाळूत दाबला, स्वतः काढला. दोघेही वाकून बघत राहिले. पोकळीचा तळ सपाट होता. सूर्य डोक्यावर होता, आत कणभरही सावली नव्हती.

कालेंगाने रस ओतला.

सोम्प्वे तिथून हलला नाही. कुणी आलं नाही, कुणी हात लावला नाही.

कालेंगाने साचा फोडला, घोडी सांडशीने उचलली आणि पालथी धरली.

तिच्याही पोटाला मासा होता. मग कालेंगाने मूळ नमुना फडक्यात गुंडाळला आणि सोम्प्वेच्या हातात ठेवला.

"हा कुणाचा आहे, बाबा?"

"माझा."

"मग घरी घेऊन जा. माझ्याकडे परत आणू नका."

दुकानात सोम्प्वेने मूळ घोडी फडक्याला गाठ मारून परत डब्यात ठेवली आणि नव्या घोडीवर तीन तास कानस चालवली. मासा खोल होता. तो जाईपर्यंत घोडी एका मिलिमीटरने पातळ झाली. ते पायांखाली चकत्या घालून भरून काढता आलं. त्याने तारा चढवल्या, सूर लावले आणि गिटार चादरीत गुंडाळून मुकालायच्या घरी नेली.

मुकालाय उशांना टेकून बसला होता. त्याच्या खांद्यांची हाडं सदऱ्यातून दिसत होती.

"आलास का लेका! मला वाटलं, माझ्या मातीलाच येशील."

"तेव्हाही येईन. जेवण चांगलं असेल तर."

मुकालाय हसता हसता खोकला आणि खोकला थांबेपर्यंत सोम्प्वे भिंतीकडे बघत राहिला. मग मुकालायने गिटार मांडीवर घेतली. तारांच्या खाली अंगठा सरकवून त्याने घोडी चाचपली, एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत.

"ओतलीस?"

"कालेंगाकडे."

"नमुन्याशिवाय ओतता येत नाही. नमुना कुठला?"

इथे सांगता आलं असतं. डबा दुकानात होता, चालत वीस मिनिटांवर.

"लाकडात कोरला," सोम्प्वे म्हणाला. "आठवणीवरून."

"चाळीस वर्षांनी?" मुकालाय त्याच्याकडे बघत राहिला. "तुझी आठवण माझ्यापेक्षा चांगली आहे, गड्या. मला ती कुठे ठेवली तेसुद्धा आठवलं नाही."

मग त्याने वाजवलं. तीच सुरावट. बोटं अडखळत होती, पण ज्या ठिकाणी तबकडीवर सोम्प्वेने घाई केली होती तिथे मुकालाय थांबला, आणि तिथे थांबायचं असतं हे सोम्प्वेला आज कळलं.

"एक राहिलंय," गिटार खाली ठेवून मुकालाय म्हणाला. "त्या दिवशी माझ्या हलगर्जीपणामुळे तुझ्यावर आयत्या वेळी सगळं आलं. मी कधी माफी मागितली नाही. आज मागतो."

सोम्प्वेचे कान तापले. "जाऊ दे ना जुनं," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. ते मोठ्या मनाच्या माणसासारखं ऐकू आलं.

तो उठला. स्वयंपाकाच्या दारात ओर्तान्स सोंबेची, म्हणजे कसाव्याच्या पाल्याची, भाजी ढवळत होती.

"बसा ना काका, मक्याची बुकारी झालीच. नवीन पातेलं आहे, कालेंगाच्या बायकोकडून घेतलं. अजून बाबांनाही दाखवलं नाही. तळाला बघा किती छान..." तिने पळी बाजूला केली.

"पोट ठीक नाही," असं म्हणून सोम्प्वे बाहेर पडला.

वाटेत नळावर बायका भांडी घासत होत्या. पातेली उन्हात उताणी वाळत घातली होती. तो रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने गेला. सगळ्या गावात त्या माशाची ओळख पटवू शकेल असं एकच माणूस होतं, आणि त्याच्या चुलीवरचं पातेलं संध्याकाळपर्यंत रिकामं होणार होतं.

एक दिवस मध्ये गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी ओर्तान्स दुकानात आली. हातात तेच पातेलं, वर झाकण, झाकणावर फडकं.

"तुम्ही न जेवता गेलात म्हणून बाबांनी पाठवलंय. भाजी संपली की तळ बघा म्हणाले." तिने पातेलं काउंटरवर ठेवलं. "काल दिवसभर ते पोटाशी धरून बसले होते. शेजाऱ्याकडून कानस मागवली. हात थरथरतात, श्वास पुरत नाही, आणि हे घासतायत. मी म्हटलं, अहो बाबा, चांगली नक्षी का घालवताय? म्हणाले, त्याला कळेल."

"बरे आहेत ना?"

"संध्याकाळी झोपले ते अजून नीट जागे नाहीत. डॉक्टर येतोय. मी निघते, काका."

सोम्प्वेने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि उभ्यानेच भाजी खाल्ली, हाताने, थंड. कडेची खाल्ली, वरची खाल्ली, मधली राखली. मग तीही खाल्ली.

तळ गुळगुळीत होता. कानशीचे फराटे आधी उभे, मग आडवे, शेवटी बारीक गोल. तो स्वतः तसंच घासत असे.

मुकालायने ओळखलं होतं; आता काही विचार करण्यासारखं उरलं नव्हतं. घोडी न्यायची, मुकालाय जागा असला तर सांगायचं, झोपला असला तर उशाशी बसून राहायचं. त्याने हात धुतले, मागच्या खोलीत गेला, खाटेखालून डबा ओढला. फडकं होतं तसंच बांधलेलं होतं. गाठ त्याचीच होती.

फडकं नेहमीपेक्षा मऊ लागलं.

त्याने गाठ सोडली. आत ॲल्युमिनियमचा कीस होता, चकचकीत, ताजा, मूठभर. मुकालायला नेऊन दाखवायला घोडीचा पायसुद्धा शिल्लक नव्हता.

त्याने कीस ओंजळीत घेतला. तो अजून कोमट होता.